शकुबाईचं कोरडं पीठ

१९४८ सालच्या भादव्यात लष्कर आलं, निजामाचं राज्य गेलं आणि हिंगोलीच्या जुन्या छावणीतले रिकामे तबेले माणसांनी भरून गेले. इंग्रजांच्या काळात तिथं पलटणीचे घोडे असत. आता तिथं आसपासच्या खेड्यांतून जीव घेऊन पळालेल्या मुसलमान बाया आणि त्यांची लेकरं होती. लष्कर यायच्या आधी रझाकारांनी हिंदूंची गावं लुटली होती, लोक निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडात पळाले होते. लष्कर आल्यावर वारं फिरलं, आणि ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्याही दारात माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी राहिली.

हिंगोलीत ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पाद्रीसाहेब नांदेडला गेले ते रस्ते बंद झाल्यामुळे तिकडंच अडकले होते. पण बुधवारची प्रार्थनासभा कुणी मोडली नव्हती. ती शालूबाईच्या घरी भरायची. शालूबाई विधवा होती. मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात तिनं वर्षानुवर्षं स्वयंपाक केला होता, आणि वसतिगृह बंद पडल्यावर तिथले मोठमोठे गंज, झारे, पराती तिच्याच पडवीत येऊन पडल्या होत्या. सभेला शाळेचे हरिचंद मास्तर, त्यांची बायको आशाबाई, बैलगाडी हाकणारा देवला आणि आणखी दोन-तीन घरची माणसं असायची.

त्या बुधवारी आशाबाईनं गायन होऊ दिलं नाही.

"मी शेण्या आणायला छावणीकडं गेले होते," ती म्हणाली. "तबेल्यात बाया तरोटा उकडून खाऊन राहिल्या. नुसता पाला. मीठ सुदीक न्हाई."

मास्तरांनी डोळे मिटून त्या लोकांसाठी लांबलचक प्रार्थना केली. आमेन झालं. कुणी उठलं नाही.

"प्रार्थना झाली," शालूबाई म्हणाली. "आता पेव उघडू."

मिशनच्या देवळाच्या मागं ख्रिस्ती मंडळीचं पेव होतं. जमिनीत खोल खणलेलं, वर दगड ठेवून मातीनं लिंपलेलं. दर सुगीला प्रत्येक घर आपल्या परीनं त्यात ज्वारी टाकायचं, आणि अडीअडचणीला ती काढली जायची.

"पाद्रीसाहेबांना न विचारता?" मास्तर म्हणाले. "अन लोक काय म्हणतील त्याचा विचार केला का? आज ह्या बायांना जेवू घालणं म्हंजी त्यांची बाजू घेणं. आपण मूठभर लोक. उद्या आपल्या दारात कोणी आलं तर?"

"पाद्रीसाहेब इथं असते तर काय म्हणले असते?" देवलानं विचारलं.

"उघडा म्हणले असते," मास्तर म्हणाले, आणि सर्वांत आधी तेच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवलानं पेवावरचा दगड सरकवला. आतून आंबूस, कोंदट वाफ आली. अशा वेळी कुणी लगेच आत उतरत नाही. पेवातल्या कुंद हवेनं माणूस गुदमरून मरतो. उन्हं वर येईपर्यंत ते तोंड उघडं ठेवून बसले. मग देवलानं कंदील दोरीनं खाली सोडला. सगळे वाकून बघत होते. ज्योत थरथरली, बारीक झाली आणि मग सरळ उभी राहिली. देवला उतरला आणि खालून त्यानं ओंजळभर दाणे वर दिले. कडेची ज्वारी काळी पडली होती, पण आतली पांढरी, खणखणीत होती. आशाबाईनं एक दाणा दाताखाली फोडला आणि मान हलवली. एवढ्या पावसात पाणी आत शिरलं नव्हतं.

शालूबाईनं ज्वारीच्या कण्या भरडल्या, मुगाची डाळ घालून दोन गंज शिजवले आणि देवलाच्या गाडीत ठेवले. तबेल्यासमोर गाडी थांबली तेव्हा बाया उठून आत सरकल्या. शालूबाई खाली उतरली. तिनं झाकण काढलं. वासानं लेकरं पुढं आली, लेकरांच्या मागं आया आल्या, आणि थोड्या वेळानं तबेल्याच्या भिंतीला पाठ लावून रांगच्या रांग जेवायला बसली. भांडी नव्हती, म्हणून आशाबाईनं पळसाची पानं आणली होती. खाण्याचा तेवढा आवाज येत होता.

शेवटच्या खणात, जिथं छप्पर थोडं खचलं होतं, एक म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसली होती. डोक्यावरून ओढणी नाकापर्यंत ओढलेली. शालूबाई पान घेऊन तिच्याजवळ गेली तेव्हा पन्नाशीची एक बाई मध्ये आली.

"ती बोलत न्हाई, बाई," ती म्हणाली. "माझ्या मालकाची फुफी हाय, म्हंजी आत्या. तिला शिजलेलं सोसत न्हाई. मूठभर कोरडं पीठ मिळंल का?"

त्या बाईचं नाव अमीरबी. तिचा मुलगा चाँद पाशा पिंजारी होता. पुसेगावच्या पलीकडच्या एका वाडीत मायलेक कापूस पिंजून गाद्या आणि लेप भरून द्यायची. एवढं तिनं सांगितलं, जास्त नाही.

शालूबाईनं दुसऱ्या दिवशी पीठ नेलं. तिसऱ्या दिवशीही नेलं. शिजवलेल्या कण्या ज्याला सोसत नाहीत त्याला भाकरी कशी सोसते, हे कोडं तिला पडलं होतं, पण भुकेल्या माणसाला प्रश्न विचारू नयेत असं तिचं मत होतं. मग एके सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर पोचली. म्हातारी तीन दगडांच्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. ओढणी खांद्यावर घसरली होती. तिच्या कपाळावर हिरवं गोंदण होतं, हातावर तुळशीचं गोंदण होतं. पहिली भाकरी उतरल्यावर तिनं कोपरा मोडून विस्तवात टाकला आणि हात जोडले.

शालूबाई पाऊल न वाजवता मागं फिरली.

जेवणं झाल्यावर ती गंज घासायला ओढ्यावर गेली आणि अमीरबीला मदतीला बोलावून घेतलं. राखेनं भांडं घासता घासता तिनं हलक्या आवाजात विचारलं, "ती म्हातारी कोण हाय, अमीरबी?"

अमीरबीचा हात थांबला. तिचा चेहरा असा उतरला की शालूबाईला विचारल्याचा पस्तावा झाला.

"मी कोणाला सांगणार न्हाई," शालूबाई म्हणाली. "पण मला कळू दे."

मग अमीरबीनं सांगितलं. म्हातारीचं नाव शकुबाई. वाडीतल्या ग्यानबाची आई, अमीरबीची भिंतीला भिंत लागून शेजारीण. आषाढात रझाकार येणार अशी हूल उठली तेव्हा ग्यानबा बायकोला, पार्वतीबाईला घेऊन नदीपार वऱ्हाडात निघाला. शकुबाईचा खुबा गेलेला, ती काठीशिवाय दारापर्यंत जात नसे. तिनं सांगितलं, मी येत नाही, मला उचलून नेलं तर वाटेत जीव देईन. लेकानं खूप विनवण्या केल्या. शेवटी बायकोसाठी त्याला निघावं लागलं.

"जाताना मला म्हणला, चाची, मायकडं बघ," अमीरबी म्हणाली. "मी बघितलं. पण ती माझ्या हातचं खाणारी न्हाई. तिचा नेम कडक. मग मी भिंतीवरून पीठ द्यायची, ती आपली थापून खायची. रझाकार घरं धुंडाळत आले तवा आमी तिला कापसाच्या ढिगात दडवली. माझ्या चाँदनं ढिगापुढं बसून पिंजण चालू ठेवली. कापूस उडू लागला तसे ते ठसकत निघून गेले. जाताना तिचं घर मात्र जाळून गेले, मग ती मागच्या गोठ्यात राहिली."

"अन मग?"

"मग लष्कर आलं. आता आमच्यावर पाळी आली. दुसऱ्या गावची माणसं कुऱ्हाडी घेऊन येऊन राहिली होती. चाँद ज्वारीत पळाला. मी घरात थरथर कापून राहिले. तर ही आली, खुरडत खुरडत. म्हणली, चल, मी हाय तुझ्यासंगं. रस्त्यात ज्यानं अडवलं त्याला म्हणली, ही माझी सून हाय. कुंकू लावलं तिनं मला. कुठं बसून, कुठं कोणाच्या गाडीवर, अशा आमी इथवर आलो."

"मग आता दडवून काहून ठेवलं?"

"इथल्या बायांचे नवरे, पोरं गेली हायत, बाई. कोणाच्या मनात काय येईल? अन बाहेर कोणी म्हणलं की मुसलमानांनी हिंदू म्हातारी धरून ठेवली, तर हा तबेला उरंल का?"

शालूबाईनं गंज पालथा घातला.

तिनं ही गोष्ट बुधवारच्या माणसांपुढं मांडली आणि दार लावून घेतलं. मास्तर म्हणाले, लष्कराच्या नाक्यावर कळवावं. देवला म्हणाला, नाक्यावर कळलं की बाजारात कळलं. पुष्कळ बोलणं झालं. ग्यानबाला गुपचूप गाठायला हवं, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं. पण गाठायचं कसं? पैनगंगेला अजून पूर होता, म्हणून वऱ्हाडात गेलेली माणसं वाशीमच्या सडकेनं, हिंगोलीवरून परतत होती. तीही बेघरच होती. कुणाचं घर जळालं होतं, कुणाचं लुटलं होतं, आणि बरीच जण सडकेच्या कडेला लिंबाखाली मुक्काम करत होती.

"त्यांनाही खायला लागतंच की," आशाबाई म्हणाली. "आपल्या हातचं शिजलेलं घेणार न्हाईत. पण शिधा घेतील. पीठ, डाळ, मीठ. शिध्याला कोणी न्हाई म्हणत न्हाई."

"अन शिधा देताना गाव विचारायला कोणाची हरकत न्हाई," शालूबाई म्हणाली.

सडकेवर कुणी बसायचं, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी देवलाकडं पाहिलं. पण मास्तर म्हणाले, "मी बसतो. शाळा तर बंदच हाय."

आणि ते बसले. छत्री, पिठाचं पोतं आणि पाण्याची घागर घेऊन ते रोज सकाळी लिंबाखाली जायचे. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला शिधा द्यायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचे, "कोणत्या गावचे, पाव्हणे?" कुणी कळमनुरीकडचा निघायचा, कुणी औंढ्याकडचा. वाडीचं नाव कुणी घेत नव्हतं. एकदा दोन तरण्या माणसांनी त्यांना हटकलं. तबेल्यातल्या बायांना जेवू घालणारे तुम्हीच ना, म्हणाले. "व्हय," मास्तर म्हणाले, "अन तुमालाही. किती जणांचा शिधा देऊ?" त्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, शिधा घेतला आणि निघून गेले. मास्तर घरी येऊन आशाबाईला हे सांगताना दोनदा पाणी प्यायले.

आश्विन लागला. पेवातली ज्वारी बरीच खाली गेली होती. अशात एका दुपारी डोकं भादरलेला एक माणूस बायकोसह लिंबाखाली येऊन टेकला. केस नुकते बोटभर उगवायला लागले होते. मास्तरांनी गाव विचारलं आणि त्यानं वाडीचं नाव घेतलं.

मास्तरांनी माप पोत्यात ठेवलं. "अन नाव?"

"ग्यानबा."

"घरी कोण कोण असतं?"

"हीच, आमी दोघं. माय होती. गेली." तो बायकोकडं न बघता बोलत होता. "मागनं आलेल्या एकानं वाशीमात सांगितलं. घर जाळलं, म्हणला, आतलं कोणी वाचलं न्हाई. तेरवी करून मोकळा झालो. हाडं तरी मिळतात का, बघायला चाललो."

मास्तर त्याच्या जवळ सरकले. किती हळू बोलावं हे त्यांना कळेना. "ग्यानबा," ते म्हणाले, "तुझी माय जिवंत हाय."

पार्वतीबाईनं तोंडाला पदर लावला. ग्यानबाचा चेहरा कठीण झाला. "कुठं?"

"छावणीच्या तबेल्यात. अमीरबीसंगं."

मास्तर हळू बोलले होते, तरी शेजारच्या माणसांच्या कानावर गेलं. मुसलमानांच्या तबेल्यात हिंदू म्हातारी, एवढंच त्यांनी धरलं. एक उठला, दुसरा उठला, काठ्या हातात आल्या. "चल, आमी येतो संगं," कुणी तरी म्हणालं. ग्यानबाही काठी घेऊन उभा राहिला. त्याला स्वतःलाही कळत नव्हतं की तो कुणावर चिडला आहे.

हरिचंद मास्तर आयुष्यात कधी कुणाच्या आडवे गेले नव्हते. पण ते सडकेच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"ग्यानबा, माझं ऐक," ते म्हणाले. "एवढी माणसं पाहिली की त्या बाया लेकरं घेऊन सैरावैरा पळतील. तुझ्या मायला पळता येत न्हाई. तुडवली जाईल. तुला माय पाहिजे का भांडण पाहिजे, ते आधी सांग."

ग्यानबा थांबला. माणसं काही तरी बोलत होती. तेवढ्यात देवलाची गाडी आली, रिकामे गंज खडखडत. देवलानं काय चाललंय ते पाहिलं आणि नुसतं म्हणाला, "बसा. दोघं बसा गाडीत." ग्यानबानं काठी गाडीत टाकली, पार्वतीबाईला हात दिला आणि बाकीच्यांना म्हणाला, "तुमी थांबा. माय माझी हाय."

कुणी मागं आलं नाही.

तबेल्यात तेव्हा जेवणं उरकली होती. शकुबाई चुलीपुढं बसून उरलेलं पीठ फडक्यात बांधत होती. ग्यानबा खणाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि त्याला पुढं पाऊल टाकवेना. म्हातारीनं डोळे बारीक करून त्याच्याकडं पाहिलं. पायांपासून वर बघत बघत तिची नजर त्याच्या डोक्यावर थांबली.

"डोकं काहून भादरलं रे?" ती म्हणाली. "कोण मेलं?"

तो खालीच बसला आणि आईच्या पायावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला. शकुबाईचा हात त्याच्या केसांच्या खुंटांवरून फिरला. मग तिला उमगलं.

"माझं केलंस व्हय?" ती म्हणाली. "जेवायला काय घातलं लोकांना?"

"बुंदी," पार्वतीबाई रडता रडता म्हणाली. "अन वरणभात."

"मंग चांगलं झालं," शकुबाई म्हणाली.

कोपऱ्यातली एक बाई हसली. तिचं हसू ऐकून दुसरी हसली, आणि इतक्या दिवसांत त्या तबेल्यात पहिल्यांदाच हसण्याचा आवाज झाला. म्हातारी कोण ते आता सगळ्यांना कळलं होतं. नवरा गेलेल्या एका तरुण बाईनं उठून ग्यानबापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. त्यानं तांब्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि गटगट पाणी प्यायलं.

अमीरबी खांबाच्या आड उभी होती. ग्यानबानं डोळे पुसले आणि तिला हाक मारली.

"चाची, बाहेर ये. चाँद कुठं हाय?"

"ज्वारीत गेला," अमीरबी म्हणाली. "तवापासून ठाऊक न्हाई."

आईला घेऊन जायचं तरी कुठं? ग्यानबाचं घर जळालेलं होतं. पार्वतीबाईनं शेजारचा रिकामा खण झाडून घेतला आणि त्या दोघांनीही तिथंच बिऱ्हाड टाकलं. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच ग्यानबा आणि देवला गाडी जुंपून वाडीला निघाले.

ते परत येईपर्यंत अमीरबीनं नीट घास गिळला नाही. शालूबाई तिला भांडी घासायला, डाळ निवडायला, काही ना काही कामाला लावत राहिली. बोलून उपयोग नव्हता.

गाडी आली ती कडब्यानं भरलेली. ग्यानबा पुढं बसला होता. तबेल्याच्या दारात त्यानं कडबा बाजूला सारला आणि आतून चाँद पाशा उठून बसला. गालफडं बसलेली, अंगावर पातीनं कापल्याचे ओरखडे, पण हातपाय धड. अमीरबी त्याच्याकडं धावली नाही. ती जागच्या जागी मटकन बसली, आणि चाँदच उतरून तिच्याकडं गेला.

"माझ्याच वावरात होता," ग्यानबा शालूबाईला सांगू लागला. "आमची ज्वारी पुरुसभर वाढली हाय. कोवळी कणसं अन मुगाच्या शेंगा खाऊन राहिला. मी बांधावर उभा राहून नावानं हाक मारली, तरी लवकर बाहेर येईना. म्हणतो कसा, पाखरं कणसं खात होती, पण हाकलायला आवाज काढता येत न्हवता, म्हणून जिवाची तगमग झाली." ग्यानबा हसला. "गावात बोललो मी सगळ्यांशी. पाटलांशी बोललो. मायला ज्यांनी वाचवलं त्यांच्या अंगाला हात लावायचा न्हाई, म्हणलं. पाटील व्हय म्हणले. अमीरबीच्या घरावरची कौलं गेली हायत, भिंती शाबूत हायत. तिच्या घरावर छप्पर टाकू, अन आमचं उभं राहीपर्यंत आमी तिथंच राहू."

"म्हंजी सगळेच एका घरात?" आशाबाईनं विचारलं.

"चुली दोन," आतून शकुबाई म्हणाली.

तबेल्यातल्या सगळ्यांचं असं झालं नाही. काही बायांची माणसं कधीच आली नाहीत. पण वाडीची बातमी पसरली तशी आणखी एक-दोन गावांतून माणसं आपल्या शेजाऱ्यांना न्यायला आली. मूग-उडीद घरात आलेल्या शेतकऱ्यांनी, पुढं दाणागल्ल्याच्या दुकानदारांनीही, थोडं थोडं धान्य देवळाच्या पायरीवर आणून टाकलं. सुगी होईपर्यंत शालूबाईचे गंज चुलीवरून उतरले नाहीत, आणि मंडळीच्या पेवाचा तळ दिसला तरी ज्वारी अगदीच संपली असं झालं नाही.

पाद्रीसाहेब दिवाळीच्या सुमाराला परतले. मास्तरांनी त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी, विचारायला हवं होतं पण वेळ नव्हता, असंही सांगितलं. पाद्रीसाहेबांनी कोट काढून खुंटीला लावला आणि विचारलं, "उद्या वाढायला किती माणसं लागतील?"

वाडीची मंडळी निघाली त्या दिवशी शालूबाई सडकेपर्यंत गेली. गाडीत शकुबाई आणि अमीरबी पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. चाँद आणि ग्यानबा बैलांच्या बाजूनं चालत होते. अमीरबीनं शालूबाईचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले, आणि देवलानं बैलांना हाक दिली. गाडी वळणाआड जाईपर्यंत शालूबाई उन्हात उभी होती.

घरी आल्यावर तिनं पाय धुतले, पडवीत सतरंजी टाकली आणि जरा पाठ टेकली. आशाबाई संध्याकाळी तिला सभेला उठवायला आली तेव्हा ती तशीच गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, एक हात सतरंजीबाहेर. आशाबाईनं दाराबाहेर जमलेल्या माणसांना बोटानं गप्प केलं, आणि त्या बुधवारी सगळ्यांनी अंगणात बसून, अगदी हळू आवाजात गायन म्हटलं.